ब्लाझेनाची वही आणि बुकोव्रातचा बाक

ब्लाझेना कुचेरोवाला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी साक्षात्कार झाला की जगाला आपली गरज आहे. जगानं तसं काही कळवलेलं नव्हतं. चेक देशातल्या पार्दुबित्से शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत ती बावीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत होती. एका मंगळवारी ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे’ हे वाक्य सकाळपासून अकराव्यांदा लिहिताना तिचा हात थांबला. तिनं संगणकावर उगाच इकडेतिकडे बघायला सुरुवात केली आणि बल्गेरियातल्या एका डोंगरी गावाचा फोटो समोर आला. उतारावरच्या बागा, ढासळलेले दगडी गडगे, आणि खाली ओळ: स्वयंसेवक हवेत, अनुभवाची अट नाही. अनुभव नसण्यात ब्लाझेनाचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं अर्ज करून टाकला.

“गडगे रचायला? तू?” तिची धाकटी बहीण यार्मिला म्हणाली. “अगं, भिंतीत खिळा मारायचा तर तू माझ्या नवऱ्याला बोलावतेस!”

“शिकेन की.”

“आणि दोन महिने फुकट राबायला तिकडे कशाला जायला हवं? माझ्या बागेत ये. माझंही कुंपण पडलंय.”

आता यार्मिलाला काय सांगणार? गडगे हे नुसतं निमित्त होतं. ब्लाझेनाला लिहायची होती प्रवासाची वही, आणि त्या वहीचं पुढे व्हायचं होतं पुस्तक. यार्मिलाच्या कुंपणावर पुस्तक होत नाही. कचेरीतल्या बायकांनी निरोप देताना कातडी बांधणीची जाड वही दिली होती. बस सोफियाला पोचायच्या आतच ब्लाझेनानं पहिल्या पानावर अर्पणपत्रिका लिहिली, शेवटच्या पानावर आभार लिहिले, आणि छापताना आपला कुठला फोटो द्यायचा तेही ठरवून ठेवलं. मधला मजकूर तेवढा राहिला होता.

बुकोव्रातमध्ये चुलीचा धूर निघणारी घरं एकतीस. बस यायची मंगळवारी आणि शुक्रवारी. ब्लाझेनाची राहायची सोय झाफिरा आजीकडे केलेली होती. पंचाहत्तरीची, अंगानं काटक, डोक्याला काळा रुमाल, आणि बोलणं मोजकं. ब्लाझेनाला शाळेत रशियन शिकवलं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांनाही ते थोडंफार येत होतं. पण पस्तीस वर्षं न वापरलेलं रशियन ऐन वेळी घाबरून पळून गेलं. पहिल्या संध्याकाळी जेवणाचं विचारताना तिला ‘अंडं’ हा शब्द काही केल्या आठवेना. म्हणून तिनं दोन्ही कोपर पंखांसारखे हलवले, कॉक-कॉक केलं, खाली बसली आणि उठून बोटांनी लांबट गोल दाखवला. आजी शांतपणे बघत राहिली. कोंबडी पूर्ण झाल्यावर तिनं आत जाऊन दोन अंडी तळून आणली.

‘आज मला कळलं,’ ब्लाझेनानं वहीत लिहिलं, ‘की दोन स्त्रियांना एकमेकींशी बोलायला भाषा लागत नाही.’

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. गडग्यांचं काम वेलिचकोकडे होतं. साठीचा, बुटका, खांद्यानं दारात न मावणारा. त्याचं एक खेचर होतं, कप्तान नावाचं. ते खालच्या ओढ्यातून दगड वाहून आणायचं. वेलिचको दगड हातात घेई, दोनदा फिरवे आणि ठेवे. ठेवला की तो तिथे जन्मापासून असल्यासारखा बसे. ब्लाझेनाचा दगड ठेवल्या ठेवल्या डुगडुगायचा.

“वेलिचकोदादा, हा बसला का?”

“बसलाय,” वेलिचको म्हणाला. “आत्ता उठेल.”

दगड उठला आणि तिच्या बुटावर पडला. चाळीस मिनिटांनी वेलिचकोनं तिला वेगळं काम दिलं: गडग्याच्या पोटात भरायच्या कपच्या गोळा करून त्यांचे तीन ढीग लावायचे. लहान, त्याहून लहान, आणि अगदीच लहान. आठवडाभर ब्लाझेना ओणवी राहून कपच्या वेचत होती. वहीत मात्र निराळाच गडगा उभा राहत होता. ‘प्राचीन शिळांशी माझे हात संवाद करू लागले आहेत. वेलिचकोनं आज मान हलवून मला कारागीर म्हणून स्वीकारलं.’ वेलिचकोनं मान हलवली होती हे खरं. मानेवर माशी बसली होती.

दुपारी जेवण झालं की गाव तासभर आडवं व्हायचं. तेव्हा ब्लाझेना आजीच्या ओसरीवरच्या टेबलाशी बसून लिहायची आणि कामावर जाताना वही तिथेच ठेवून जायची. चोरून वाचायला इथे चेक येतंय कुणाला? त्या भरवशावर तिनं मन मोकळं केलं. आठव्या दिवशी तिनं लिहिलं की पांढऱ्या घेवड्याचं कालवण चविष्ट असतं, पण सलग आठ दिवस खाल्ल्यावर माणूस आतून घेवडा होतो. नवव्या दिवशी ताटात किसलेल्या बटाट्याचं, पुदिना आणि चीज घालून तव्यावर खरपूस भाजलेलं पातात्निक आलं. मग तिनं लिहिलं की पलंगाचा एक पाय आखूड आहे, रात्रभर बोटीत झोपल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी वेलिचको हातात लाकडाची पाचर घेऊन आला, पलंगाखाली शिरला, दोन ठोके मारले आणि काही न बोलता निघून गेला.

ब्लाझेना भारावून गेली. तिनं त्यावर सलग चार पानं लिहिली. ‘आधुनिक माणूस जे हरवून बसला आहे ते इथे जिवंत आहे. ही साधी माणसं मन वाचतात!’

या वाक्याला आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा मिळाला होता, हे तिला पुढे दोन आठवड्यांनी कळलं.

ते असं झालं. जूनमधल्या एका दुपारी आभाळ एकदम भरून आलं. वेलिचको आधीच कुठे तरी सटकला होता. हल्ली रोज चारच्या सुमाराला त्याला काही ना काही काम निघत असे. ब्लाझेना एकटीच ढिगांवर ताडपत्री टाकून घराकडे निघाली. आजीच्या फाटकापाशी येते तर आतून आवाज. बाकावर, पायरीवर, उलट्या घातलेल्या बादलीवर, मिळून सात-आठ माणसं बसलेली. मधोमध झाफिरा आजी, नाकावर चष्मा. तिच्या मांडीवर ब्लाझेनाची वही.

आजी वाचत होती. आधी चेकमधलं एक वाक्य पुटपुटायची आणि मग बल्गेरियनमध्ये मोठ्यानं सांगायची, हातवाऱ्यांसकट. ब्लाझेना फाटकामागे दगड होऊन उभी राहिली. तिला शब्द सगळे कळत नव्हते, पण ‘कप्तान’ कळलं, ‘दरी’ कळली, आणि आजीनं दोन्ही हातांनी हवेत दोर ओढून दाखवला तेव्हा कुठलं पान चालू आहे तेही कळलं. ते कालचंच पान होतं. त्यात ब्लाझेनानं कड्यावरून घसरणाऱ्या खेचराला एकटीनं, तळहात सोलवटून घेत, मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलं होतं.

“थांब, थांब!” वेलिचको बादलीवरून उठला. “माझं कप्तान? दरीत? आणि दरी आली कुठून? तिथे तर आमच्या नेद्याल्काची कोबी आहे!”

“मला काय विचारतोस? मी लिहिलंय का?” आजी म्हणाली. “लिहिलंय ते वाचतेय.”

“अरे, हिनं दोर हाताला गुंडाळला, खेचराला माशी चावली, ते पळालं आणि ही त्याच्यामागे पोटावर फरफटत गेली! खाजऱ्या झुडपात जाऊन पडली. मीच तर बाहेर काढली!”

“तू गप बस,” बाकावरची नेद्याल्का म्हणाली. ती आजीची शेजारीण, गुबगुबीत, सत्तरीची. “हे ऐकायला चांगलं आहे. तुझं खरंबिरं नंतर सांग. पुढे वाच गं झाफिरा, खेचर वाचतं का?”

तेवढ्यात वेलिचकोची नजर फाटकाकडे गेली. त्यानं टोपी काढली. मग सगळ्यांनीच पाहिलं.

झाफिरा आजीनं चष्मा वर केला आणि स्वच्छ, सरळ, शाळेतल्या मुलीच्या सुरातल्या चेकमध्ये म्हणाली, “आलीस, ब्लाझेनको? बूट बाहेर काढ. चिखल आहे.”

ब्लाझेनानं बूट काढले. याचं तिला पुढे सगळ्यात जास्त हसू यायचं. माणसाची अब्रू चव्हाट्यावर आली आहे, आणि माणूस वाकून बुटाच्या नाड्या सोडतंय. मग ती अनवाणी सगळ्यांच्या मधून चालत गेली, आजीच्या मांडीवरची वही उचलली, खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

बॅग भरायला दहा मिनिटं लागली. मग आठवलं की आज बुधवार आहे. बस परवा. ब्लाझेना भरलेल्या बॅगेवर बसली. पाचर मारलेला पलंग जराही हलत नव्हता, त्याचाही तिला राग आला. वही उघडून पाहिली तर आणखी एक जखम. पानोपानी शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा. जिथे तिनं चुकीचा स्वर ऱ्हस्व लिहिला होता तिथे वर दीर्घाची रेघ. एका वाक्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘इथे स्वल्पविराम.’

बरोबर होतं. तिथे स्वल्पविराम हवाच होता.

आणि मग, चिडचिड जरा ओसरल्यावर, तिला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. ती फारशी शोभादायक नव्हती. लोकांनी आपलं खासगी वाचलं याचं तिला दुःख नव्हतंच. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी आपलं लिहिलेलं रोज वाट बघून ऐकत होतं. दुःख याचं होतं की ते भलत्याच ठिकाणी हसत होते.

संध्याकाळी आजीनं दार वाजवलं. “सूप आणलंय. घेवड्याचं नाही.”

ब्लाझेनानं दार उघडलं, पण तोंड फुगलेलंच. “तुम्हाला चेक येतं. पहिल्या दिवसापासून येत होतं!”

“येत होतं.”

“मग मी ती कोंबडी केली तेव्हा का नाही बोललात?”

आजी पलंगाच्या कडेला बसली. “बोलणार होते. पण तू इतकी रंगून गेली होतीस. मध्येच थांबवायचं जिवावर आलं. आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं की काल का नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी तर आणखीनच अवघड झालं.”

हे ब्लाझेनाला लगेच पटलं. कचेरीतली निम्मी प्रकरणं अशीच अवघड झालेली होती.

मग आजीनं सांगितलं. तिचे वडील भाजीवाले माळी. सहा वर्षांची असताना ते सगळ्या घराला घेऊन ब्लाझेनाच्याच देशात, ब्रनोजवळ गेले. तिथे काकड्या, ढोबळ्या मिरच्या, टोमॅटो पिकवून बाजारात विकायचे. झाफिरा तिथल्या शाळेत गेली. दहा वर्षं. शुद्धलेखनात वर्गात पहिली यायची, चेक मुलींच्याही पुढे. सोळाव्या वर्षी आजोबा अंथरुणाला खिळले म्हणून सगळे परत आले. इथे चेक बोलायला कुणी नव्हतं. आईवडील होते तोवर घरात एखाददुसरा शब्द निघायचा. ते गेल्यावर तोही थांबला.

“पुस्तकं?”

“एक होतं. छपराला गळती लागली तेव्हा भिजलं.” आजीनं सुपाचा चमचा तिच्या हातात दिला. “तू टेबलावर वही ठेवून गेलीस. मी पुसायला म्हणून उचलली. खरं सांगते, पुसायलाच. उघडली गेली. तर तिथे ‘पाम्पेलिश्का’.”

ब्लाझेनानं दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं, की पडक्या गडग्याच्या वरचा उतार पाम्पेलिश्कांनी पिवळा झालाय. ती फुलं वाळली की पोरं फुंकर मारून त्यांच्या म्हाताऱ्या उडवतात.

“आमच्याकडे ससे होते,” आजी म्हणाली. “त्यांच्यासाठी रोज पिशवीभर पाम्पेलिश्का आणायचं काम माझं. आणि मी तो शब्द विसरले होते, बघ. फूल माहीत आहे, अंगणात उगवतं, आणि त्याला मी लहानपणी काय म्हणायचे तेच आठवत नव्हतं. साठ वर्षं शोधत होते असंही नाही. हरवलाय हेच माहीत नव्हतं. तिथेच खाली बसले. नेद्याल्का आली, म्हणाली, झाफिरा, कोण गेलं? म्हटलं, कुणी नाही, ऐक, तुला वाचून दाखवते. असं सुरू झालं.”

ब्लाझेना सूप पीत राहिली. शेवटी म्हणाली, “‘प्राचीन शिळा’ला काय म्हणाले लोक?”

“वेलिचकोनं विचारलं, कपच्या म्हणजेच का त्या.”

शुक्रवारची बस ब्लाझेनाशिवाय गेली.

पण आता पंचाईत निराळीच झाली. वाचक आहेत हे कळल्यावर तिची लेखणी एकदम सोवळी झाली. ‘वेलिचको हा थोर मनाचा कलावंत आहे. नेद्याल्काचं हास्य सूर्यफुलासारखं आहे. झाफिरा आजी म्हणजे ज्ञानाचा झरा.’ तिनं दुपारी लिहावं, चार वाजता आजीनं वाचावं, आणि ब्लाझेनानं पायरीवर बसून कौतुकाची वाट बघावी. तीन दिवस लोकांनी सोसलं. चौथ्या दिवशी बाकावर तिघंच उरली, आणि त्यातलं एक झोपलं होतं.

“काय गं हे,” नेद्याल्का तिच्या तोंडावरच म्हणाली. “आमची श्रद्धांजली लिहितेस होय? अजून जिवंत आहोत आम्ही.”

“आधी बरं लिहायचीस,” वेलिचको म्हणाला. “खोटं असायचं, पण दम असायचा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्लाझेना ओसरीवर बराच वेळ पेन चावत बसली. मग तिनं खेचराचा प्रसंग पुन्हा लिहिला, जसा झाला होता तसा. माशी, दोर, पोटावर फरफटणं, तोंडात गेलेली माती, वाटेतले कोबीचे तीन गड्डे, खाजऱ्या झुडपात पडल्यावर तोंडातून निघालेले शब्द, आणि त्यानंतर दोन दिवस बसता न आल्यामुळे ‘निसर्गाशी एकरूप होण्यासाठी’ उभ्यानं केलेलं जेवण. आजी वाचायला लागली. दुसऱ्या परिच्छेदाला वेलिचको बादलीवरून घसरला. आजीला चष्मा काढून डोळे पुसावे लागले, ती दोनदा थांबली, आणि ‘तोंडातून निघालेले शब्द’ गावाला चेकमध्येच हवे होते, म्हणून ते तिनं चारचारदा म्हणून दाखवले. दुसऱ्या दिवशी वेलिचको कप्तानला त्याच शब्दांनी हाकत होता. ब्लाझेना पायरीवर लाल होऊन बसली होती, आणि तिला जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्यानंतर बाकावर जागा मिळेना. वरच्या आळीतली माणसंही येऊ लागली. आपला उल्लेख किती ओळींत आलाय यावरून दोघा चुलतभावांत अबोला झाला.

एका दुपारी आजीनं वही मिटली आणि सगळे गेल्यावर म्हणाली, “एक पान मी त्यांना वाचलेलं नाही. तुला सांगायला हवं.”

तिनं पान काढलं. पहिल्या आठवड्यातलं होतं. ‘शेजारच्या खिडकीत एक म्हातारी बंद पडलेल्या फोनवर तासन्‌तास बोलत असते. एकाकीपणानं माणसाचं डोकं कसं फिरतं, याचं हे बोलकं चित्र.’ ब्लाझेनाला आठवलं, ‘बोलकं चित्र’ लिहून झाल्यावर ती स्वतःवर खूश होऊन अंगणात दोन फेऱ्या मारून आली होती.

“नेद्याल्का माझ्या शेजारीच बसली होती,” आजी म्हणाली. “तिच्या मांडीला माझी मांडी.”

“मग तुम्ही काय वाचलंत?”

“वाचलं, की नेद्याल्काच्या खिडकीतल्यासारखी तांबडी फुलं पार्दुबित्सेत शोधून सापडायची नाहीत. तीन दिवस गावभर सांगत होती.”

ब्लाझेनानं पान फाडायला हात घातला. आजीनं तिच्या हातावर हात ठेवला. “फाडून काय होतंय? तुला माहीतच आहे काय लिहिलंस ते. जा, जाऊन बस तिच्याकडे. विचार तिला.”

“काय विचारू? तुम्ही बंद फोनवर का बोलता, असं?”

“असंच. तिला कधी कुणी विचारलेलं नाही. आम्हीही नाही.”

नेद्याल्कानं दार उघडलं, तिला बसवलं, दह्याची वाटी पुढे केली. फोन टेबलावरच होता, जुना, बटणांचा. ब्लाझेनानं मोडक्या रशियनमध्ये, शब्दागणिक अडखळत विचारलं. आता चपला घालून उठावं लागणार, अशी तिची खात्री होती.

“सरावाला,” नेद्याल्का म्हणाली.

“कसला सराव?”

“माझी मुलगी स्पेनमध्ये असते. संत्र्यांच्या कारखान्यात. रविवारी फोन करते. दहा मिनिटं. नातू मागे ओरडत असतो, कुणी तरी भांडी आपटत असतं, आणि माझं डोकं रिकामं होतं. आई, कशी आहेस? बरी. काही हवंय? काही नको. संपलं. फोन ठेवला की सगळं आठवतं. म्हणून आठवडाभर सराव करते, काय काय बोलायचं त्याचा.”

“पण बंद का ठेवता?”

नेद्याल्कानं तिच्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये? “आणि चुकून लागला तर? तयारी व्हायच्या आत?”

ब्लाझेनानं दह्याची वाटी उचलली आणि चाटूनपुसून संपवली. आपल्या बोलक्या चित्राची तिला लाज वाटत होती. थोड्या वेळानं नेद्याल्काच म्हणाली, “तू एवढं लिहितेस. माझंही लिहून दे ना. मोठ्या अक्षरात. म्हणजे समोर धरता येईल.”

दोघींनी मिळून लिहिलं. ब्लाझेनाला रशियन लिपी शाळेपासून येत होती, बल्गेरियनची लिपीही तीच, त्यामुळे ती इथे कामी आली. नेद्याल्कानं एकेक वाक्य सांगायचं, ब्लाझेनानं ठसठशीत अक्षरात उतरवायचं. गुडघा दुखतो, पण कमी. मागचं आलुबुखारचं झाड वाऱ्यानं पडलं, ते तू लहानपणी ज्यावर चढायचीस ते. चुलीचं धुरांडं वेलिचकोनं नीट केलं. मग नेद्याल्का थांबली.

“आणखी?”

“आणखी एक आहे. पण ते सरावातसुद्धा तोंडातून निघत नाही.”

“मला सांगा, मी लिहिते. तुम्ही नुसतं वाचा.”

नेद्याल्कानं खिडकीकडे तोंड केलं आणि सांगितलं. ब्लाझेनानं लिहिलं: ‘ये. एकदा तरी ये.’

रविवारी अकरा वाजता आजी आणि ब्लाझेना आपल्या अंगणात कांदे निवडत बसल्या. कांदे आधीच निवडलेले होते. शेजारच्या उघड्या खिडकीतून नेद्याल्काचा आवाज येत होता. ग्रामसभेची नोटीस वाचावी तसं, श्वासही न घेता, तिनं सगळं धाडधाड वाचून काढलं. गुडघा, झाड, धुरांडं, ये, एकदा तरी ये. मग शांतता. इतकी लांब, की ब्लाझेनाला वाटलं आपण घोळ करून ठेवला. मग नेद्याल्का काही तरी हळू बोलली. मग ती अंगणात आली, चपला उलट्या पायांत.

“काय म्हणाली?” आजीनं विचारलं.

“म्हणाली, बघू.”

ब्लाझेनाचा चेहरा पडला. “नुसतं ‘बघू’?”

“अगं, ‘बघू’ म्हणाली!” नेद्याल्कानं तिचे दोन्ही दंड धरून तिला गदागदा हलवलं. “बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणाली! म्हणणार कशी? मी कधी ‘ये’ म्हटलंच नव्हतं!”

हा प्रसंग ब्लाझेनानं वहीत लिहिला नाही. लिहायला बसली होती. पण पहिलंच वाक्य ‘त्या क्षणी मला जाणवलं’ असं झालं, आणि आपल्याला काय काय जाणवत असतं याची आता तिला चांगलीच ओळख पटली होती. तिनं ते खोडलं आणि उलट्या चपलांबद्दल एक ओळ लिहून थांबली.

शेवटच्या आठवड्यात गडगा पुरा झाला. मधल्या दिवसांत वेलिचकोनं कपच्यांच्या जोडीला तिला पुन्हा दगडही लावू दिले होते. वेलिचको त्याच्यावरून चालत गेला, टाचा आपटून बघितल्या आणि खाली उतरला.

“यातला तीन मीटर तुझा,” तो म्हणाला.

“खरंच?”

“तीन मीटर. त्यातला दीड मी परत रचला.” जरा थांबून म्हणाला, “पण कपच्या नंबर एक वेचल्यास. याआधी एक जर्मन आला होता, त्याला ते दोन महिन्यांत जमलं नाही.”

ब्लाझेनानं हे प्रशस्तिपत्र जसंच्या तसं लिहून घेतलं. आता वहीत चारच पानं कोरी उरली होती. निघायच्या आदल्या दुपारी शेवटचं वाचन झालं, वेलिचकोनं घरी गाळलेली फळांची दारू, राकिया, आणली, आणि सगळे पांगल्यावर ब्लाझेना बॅग भरायला गेली. खिडकीतून तिला ओसरी दिसत होती. आजी टेबलाशी बसून वही मागे मागे चाळत होती. एका पानावर थांबली, ओठ हलले, बोट ओळीवरून सरकलं. मग तिनं वही मिटली, रुमालाच्या टोकानं वरची कातडी पुसली आणि ब्लाझेनाला सहज दिसेल अशी टेबलाच्या कडेला नीट ठेवली, बॅगेत टाकायला.

सकाळी बस आली तेव्हा वही तिथेच होती. ब्लाझेनानं ती उचलून आजीच्या हातात दिली.

“आणि तुझं पुस्तक?” आजी म्हणाली.

“आजी, अर्पणपत्रिका आहे, आभार आहेत, फोटोसुद्धा ठरलाय. पुस्तकाला आणखी काय लागतं? तुम्ही ठेवा. अजून किती तरी स्वल्पविराम राहिलेत त्यात.”

यात दानशूरपणा फारसा नव्हता, असं ब्लाझेना स्वतःच सांगते. वहीत निम्मं खोटं होतं आणि निम्मं गावानं पाठ केलेलं होतं. पार्दुबित्सेला नेऊन ती दाखवणार तरी कुणाला? पण बस वळणावर गेली तेव्हा तिला कळलं की मांडीवर हात ठेवायला काही नाही. मग प्रवासभर ते हात कुठे ठेवायचे हेच तिला समजेना.

यार्मिला स्टेशनवर घ्यायला आली होती. गाडीत बसता बसता तिनं हात पुढे केला. “आण ती वही. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी.”

“नाही आणली.”

“हरवलीस?”

“वाचायला दिली.”

“कुणाला? त्या डोंगरात चेक वाचतंय कोण?”

मग ब्लाझेनानं सगळं सांगितलं. या खेपेला एक अक्षर वाढवलं नाही, एक गाळलं नाही. कोंबडी सांगितली, पलंगाची पाचर, कोबीतली फरफट, बाकावरची गर्दी, काळ्या रुमालाची आजी आणि तिनं चेकमध्ये सांगितलेले बूट. यार्मिलानं दोन सिग्नल मागे टाकले.

“खेचराचं मला पटतं,” ती शेवटी म्हणाली. “पोटावर फरफटत गेली असशील. पण ती आजी? शुद्धलेखनात पहिली? ब्लाझेना, मी तुला लहानपणापासून ओळखते. एवढं पण तिखटमीठ लावू नये गं माणसानं.”

ब्लाझेनानं खिडकीची काच खाली केली. बाहेर पार्दुबित्से होतं तसंच होतं, कुठल्याशा चौकात पाण्याची वाहिनी फुटून रस्ता ओला झाला होता.

“घरी खायला काय आहे?” तिनं विचारलं.